मरळीचा हंडा

माशाच्या रक्ताचा थेंब काचेवर कसा ओढायचा हे मी शिकले, तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. हे आधीच सांगून ठेवते. पाच वर्षं आधी शिकले असते तर, हा विचार मी आजही करते आणि तो काही कामाचा नाही हेही मला कळतं.

मी शिरूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. माहेर भीमेच्या काठी, दौंड तालुक्यात. आमच्या घाटावर उभं राहिलं की पलीकडं मांडवगण फराट्याचे ऊस दिसतात. आम्ही भोई. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो, सगळं गावही आप्पाच म्हणतं. त्या वेळी ते अजून रोज सकाळी होडी घेऊन पाण्यात जायचे, आणि नदीबद्दल कुणी वाकडं बोललं तर घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखे चिडायचे. पाण्याला फेस आला, जलपर्णीनं घाट झाकला, हाताला खाज सुटायला लागली, तरी आप्पांचं एकच: "वरनं घाण येती, त्याला ती काय करल? मदल्या धारंचं पानी चांगलंय."

गावात कुणाच्या घरी बाळंतीण असली, की बारसं झाल्यावर आमच्याकडून हंडा जायचा. पितळी हंडा, आत चार बोटं पाणी, पाण्यात जिवंत मरळ आणि तोंडावर ओलं फडकं बांधलेलं. मरळ थोड्या पाण्यातही तग धरते, वर तोंड काढून हवा घेते. ती ताकद बाळंतिणीच्या अंगात उतरते, तिला रक्त चढतं, अशी सगळ्यांची समजूत. आजोबा हंडा पोचवायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील. पाटलांच्या मळ्यात जायचा तसाच बुद्धविहारामागच्या आळीतही जायचा. त्याचे पैसे कुणी देत नाही आणि आम्ही मागत नाही. फक्त हंडा रिकामा परत करायचा नसतो. कुणी ओंजळभर ज्वारी घालतं, कुणी गुळाचा खडा. गावातली कितीतरी माणसं आज शेतात, कंपनीत, ऑफिसात कामं करतात, आणि त्यांच्या आया आप्पांना सांगतात, तुमच्या मरळीवर वाढलाय हा.

मी बाळंतपणाला माहेरी आले. लेकीला हंडा पाठवायचा कुठं, म्हणून तो चुलीशेजारीच येऊन बसला. एक दिवसाआड मरळ. आई मिरं-लसूण घालून पातळ कालवण करायची आणि वाटी रिकामी होईस्तोवर समोरून हलायची नाही. मासा कापायच्या आधी आप्पा तो माझ्याकडं घेऊन यायचे, बोटानं कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवायचे.

"बघ, कसं लालभडक हाय. ह्येला म्हनायचं मासा."

चौथ्या आठवड्यात मी वैतागले. म्हटलं, "आप्पा, आता मलाच कल्ले फुटायचे."

"फुटू दे की. पव्हता तरी येईल तुला."

मला खरंच पोहता येत नाही. भोयाच्या घरात जन्मून पोहता न येणारी मी एकटीच, आणि आप्पांनी ते मला कधी विसरू दिलं नाही. त्या दिवशी आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. बाळ दचकून रडायला लागलं, तर आईनं आम्हा दोघांनाही झापलं.

पाच वर्षांनी मी संशोधनाला नाव नोंदवलं. माझे मार्गदर्शक सर शांत, नेमकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी सुचवलं, नदीतल्या जड धातूंचा माशांच्या पेशींवर काय परिणाम होतो ते बघा. मी लगेच हो म्हटलं. त्यात विज्ञानाची ओढ किती आणि मासे घरचेच मिळतील हा सोयीचा विचार किती, ते मला माहीत आहे. घरी सांगितलं तर आप्पा आठवडाभर गावात छाती काढून फिरले. लेक माशांची डॉक्टर झाली, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं.

काम दिसायला सोपं होतं. आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, माशाच्या पेशीत असतं. थेंबभर रक्त काचेवर पातळ ओढायचं, वाळवायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. गुलाबी पेशी, तिच्या मधोमध जांभळं केंद्रक, सगळं जागच्या जागी. पण पेशीतल्या गुणसूत्रांना इजा झालेली असली, तर पेशी विभागताना एखादा तुकडा मागं पडतो. मग मोठ्या केंद्रकाच्या बाजूला एक बारीक ठिपका दिसतो. सूक्ष्मकेंद्रक म्हणतात त्याला. एकेका माशाच्या हजारेक पेशी बघायच्या आणि असे ठिपके मोजायचे, एवढंच काम. मासा बाहेरून धडधाकट असतो. खवले चमकतात, कल्ले लाल असतात. ठिपका आत असतो.

आमच्या घाटावरच्या चिलापी माशांत ठिपके सापडले. नदीचं पाणी आणि माशाचं मांस पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून तपासून आणलं होतं, त्यात शिसं, क्रोमियम आणि कॅडमियम तिन्ही निघाली होती, असू नयेत इतकी. मला धक्का बसला असं म्हणणं खोटं ठरेल. वाचलेलं सगळं तेच सांगत होतं. उलट काचेवर पहिला ठिपका दिसला तेव्हा मला आनंद झाला, परीक्षेत उत्तर बरोबर आल्यावर होतो तसा. त्या आनंदाची आज लाज वाटते.

सर म्हणाले, "स्वच्छ पाण्यातले मासे तुलनेला घ्या. ते झाल्याशिवाय कुठं काही बोलू नका."

जुन्नरच्या वर डोंगरात माझ्या मामांच्या गावाला एक तलाव आहे. वर ना कारखाना ना शहर. मी आप्पांना सांगितलं, तिथली चिलापी आणून कॉलेजात पोचवा. त्यांनी पिकअप ठरवली, ड्रम घेतला आणि निघाले. पुढं दोन आठवडे मासे आले नाहीत. मी फोन केला की म्हणायचे, "येत्यात, येत्यात." मला वाटलं, अजून मामाकडंच मुक्काम असेल. शेवटी एके दिवशी आले, आणि मासे काय होते म्हणून सांगू, तरतरीत, टाकीत सोडल्यावर शेपटीनं पाणी उडवत होते. आप्पा टाकीपाशी उभे राहून एकेका विद्यार्थिनीला सांगत होते, "हात लावून बघ, दगडावानी हाय."

मी लगेच काचा केल्या. त्या माशांतही ठिपके निघाले.

मी परत काचा केल्या. रंग बदलला, नव्या बाटलीतला घेतला. सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसली. सरांना दाखवल्या. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, तुमच्या हातात काहीतरी चुकतंय. तुमच्या हातात, हे शब्द मला असे झोंबले की त्या दिवशी मी घरी नवऱ्याशीही धड बोलले नाही. स्वच्छ आणि घाण दोन्ही पाण्यांत जर सारखंच दिसत असेल, तर माझे आधीचे ठिपकेही रंगाचे डाग असतील. तीन महिन्यांचं काम पाण्यात गेलं असं वाटलं. सगळं सोडून द्यावं, मुलीचा अभ्यास घ्यावा, गप्प बसावं, इथपर्यंत आले होते.

रविवारी न्हावऱ्यामार्गे माहेरी गेले ती डोक्यात राख घालूनच. आप्पा ओट्यावर जाळं विणत होते. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. "आप्पा, मामाच्या तलावाचं पाणी पण खराब निघालं. तुमचे मासे काही उपयोगाचे नाहीत."

आप्पांनी सुई खाली ठेवली. त्यांना राग आला होता, पण माझ्यावर नाही.

"तळ्याचं पानी खराब? कोन म्हनतं? आगं, तळं चांगलं हाय, मासाच मरतुकडा व्हता. ड्रमात आनला तर निम्म्यांनी मान टाकली. आसली मासळी लेकीच्या कालिजात कशी द्यायची? मी त्यास्नी बारा दिस आपल्या नदीत ठिवलं. मदल्या धारंला. तवा कुठं तरतरी धरली त्यांनी."

आणि त्यांनी मला घाटावर नेलं. पाण्यात रोवलेल्या बांबूला जाळीची पिशवी बांधलेली होती. रोज दोन वेळा पीठ आणि पेंड टाकत होते. बाजारात नेण्याआधी मासा चार दिवस वाहत्या पाण्यात ठेवला की तरतरीत होतो, ही आमच्या घराण्याची पद्धत. मलाही ती लहानपणापासून ठाऊक होती. मी त्यांना कॉलेजात पोचवा म्हटलं होतं, थेट पोचवा म्हटलं नव्हतं.

"कसं ताजं झालं व्हतं, तूच सांग," आप्पा म्हणाले.

मी व्हय म्हटलं. पहिल्या क्षणी मला नुसता संताप आला होता, माझे मासे वाया घालवले म्हणून. दुसरा विचार मागाहून आला, घाटाच्या पायऱ्या चढताना. रंगात चूक नव्हती, हातातही नव्हती. डोंगरातले चांगले मासे बारा दिवस आमच्या नदीत राहिले होते, आणि बारा दिवस पुरे झाले होते.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः मामांकडं गेले. तलावाच्या काठावरच रक्त घेतलं, काचा ओढल्या. एखाददुसरा ठिपका सोडला तर पेशी स्वच्छ होत्या. आता माझ्याकडं तीन प्रकारचे मासे झाले: तलावातले, नदीतले आणि तलावातून आणून बारा दिवस नदीत ठेवलेले. सर खूश झाले. म्हणाले, "आपण मुद्दाम आखला असता तरी इतका चांगला प्रयोग झाला नसता. वडिलांना माझा नमस्कार सांगा." मी नमस्कार पोचवला नाही. सरांचा त्यात काही दोष नव्हता, पण त्या वेळी ते मला अजिबात आवडले नाहीत.

सरांचं म्हणणं होतं, आणखी एक फेरी होईपर्यंत बाहेर बोलू नका. मला ते फार सोयीचं पडलं. आप्पांना काय सांगायचं, कुठल्या तोंडानं सांगायचं, हे ठरवायला नको. तीन आठवडे मी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरून एक हंडा गेला. बुद्धविहारामागच्या आळीत, कारेगावच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या एका मुलीकडं, पहिलटकरीण. हंडा परत आला तेव्हा त्यात शेंगदाणे होते. आईनं मला फोनवर कौतुकानं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि गप्प राहिले. हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही.

मग पाटलांच्या मळ्यातली सून बाळंत झाली. मी त्या दिवशी माहेरीच होते. दुपारी आप्पा चिंचेनं हंडा घासत बसले होते, उद्या सकाळी पाठवायचा म्हणून. मरळ घंगाळात होती, मधूनच वर येऊन तोंड उघडत होती. मी म्हटलं, "आप्पा, आजच्या दिवस माझ्याबरोबर शिरूरला चला. काम दाखवते."

टोपी धुतलेली, सदरा इस्त्रीचा, असे ते आले. प्रयोगशाळेत शिरताना चपला बाहेर काढल्या. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. मी त्यांना स्टुलावर बसवलं, एक डोळा कसा लावायचा ते शिकवलं. आधी तलावाची काच लावली.

"नुसती जांभळी फुलं दिसत्यात."

"ते माशाचं रक्त आहे. तलावातल्या. आता हे बघा." मी दुसरी काच लावली. "मोठ्या ठिपक्याशेजारी एक बारका दिसतोय?"

बराच वेळ गेला. म्हातारं माणूस, डोळा दुखत असेल, पण त्यांनी तो भिंगावरून हलवला नाही. "दिसतोय. ह्यो कशाचा?"

"तो नसायला पाहिजे. बी असतं ना आप्पा, ज्याच्यातनं पुढचं सगळं येतं, तसलं असतं ते आतलं. त्याचा तुकडा मोडलाय."

"कुठला मासा?"

"तलावातलाच. तुम्ही बारा दिवस नदीत ठेवलेला."

आप्पांनी डोळा वर घेतला. मला वाटलं भांडतील. मदली धार काढतील, वरच्या घाणीला शिव्या देतील. माझी उत्तरं तयार होती, शिसं, क्रोमियम सगळं. पण ते परत वाकले, परत बघितलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं,

"मरळीत बी आसंल?"

"मरळ तपासली नाही अजून. पण पाणी तेच आहे. मरळ तर बारके मासे खाऊन जगते, त्यांच्यातलं तिच्यात येतं."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. तो येणार हे मला तीन आठवडे माहीत होतं.

"तुझ्या येळंला मी सव्वा म्हैना दिली. दिसाआड. पोरीला काय...?"

मी शिकलेली बाई. मला सांगता आलं असतं की माशाच्या पेशीत जे होतं ते माणसात तसंच होईल असं नाही. किती खाल्लं, किती दिवस खाल्लं, यावर असतं. मुलगी धडधाकट आहे, धावते, भांडते. हे सगळं खरं आहे. पण त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं होतं, आणि त्यातलं एकही माझ्याकडं नव्हतं. खोटं बोलून त्यांना मोकळं करावं असं फार वाटलं. तोंड उघडलं तर वेगळंच निघालं.

"माहीत नाही, आप्पा."

त्यांनी मान हलवली. बाहेर येऊन चपला घातल्या. घरी जाताना पुलावर गाडी आली तेव्हा ते नदीच्या बाजूला बसले होते, पण बघत होते समोर रस्त्याकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घंगाळातली मरळ बाहेर काढली आणि घरामागच्या परड्यात खड्डा करून पुरली. जिवंत परत नदीत सोडायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. मग हंड्यात काठोकाठ ज्वारी भरली, वर फडकं बांधलं, सुकं, आणि मळ्यात स्वतः घेऊन गेले. मी बरोबर होते. पाटलीणबाईंनी फडकं सोडलं, बघितलं, हसल्या.

"आप्पा, ह्ये वो काय? मरळ कुठंय?"

"गावली न्हाई, वैनी."

"तुमाला मरळ गावली न्हाई?"

"वय झालं आता. हात चालत न्हाई पयल्यासारका."

मी तोंड उघडणार होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले. माघारी येताना मी चिडले, खरं का नाही सांगितलं म्हणून. माणसांना कळायला नको का? ते म्हणाले, "तू सांग. तू शिकलीयास, कागदावर लिही, सभा घे, माझी आडकाठी न्हाई. पर म्या कसं सांगू? ज्या ज्या घरी हांडा दिला, त्या त्या घरी जाऊन सांगू?"

मी ग्रामसभेत सांगितलं. अहवाल वाचून दाखवला, चित्रं दाखवली. लोकांनी ऐकलं, दोघातिघांनी प्रश्न विचारले. निवेदन दिलं, त्याची पोच मिळाली. नदी आहे तशीच आहे. ऐकलेल्यांतले निम्मे अजून मासे खातात, कारण दुसरं काय खाणार आणि नदी सोडून जाणार कुठं. आणि आप्पांची मरळ बंद झाली ती त्यांचा हात गेला म्हणून, असंच गाव आजही समजतं. पारावर बसले की पोरं चेष्टा करतात, आप्पा, आता बेडूक तरी धरा. चाळीस वर्षं गावातला पहिला मासेमार म्हणून मिरवलेला माणूस ते ऐकून घेतो, हसतो सुद्धा. हंडा जातो, ज्वारीचा. लोक त्यात ज्वारीच घालून परत करतात. होडी पालथी पडून आहे.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. सुट्टीत तिथं गेलो की गाडीतून उतरल्या उतरल्या ती आप्पांकडं धावते. ते तिला उजेडात उभी करतात, हनुवटी धरून तोंड वर करतात आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला लाल रंग बघतात. आधी एक डोळा, मग दुसरा. कल्ला उचलून बघायचे, अगदी तसंच.

मागच्या वेळी तिनं विचारलं, "आप्पा, सारखं काय बघता?"

"काय न्हाई. बघतो आपलं."

"कसं आहे?"

"लाल हाय," आप्पा म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. मासा बाहेरून धडधाकट दिसला तरी ठिपका आत असतो हे मी त्यांना दाखवलं होतं, ते विसरलेले नव्हते. मी बॅगा उचलून आत गेले.

शिरूरला शाळेच्या दिवशी सकाळी मी तिला उठवायला जाते. तोंड उघडं टाकून झोपलेली असते. हाक मारायच्या आधी मी वाकून, हलक्या हातानं तिची पापणी खाली ओढून बघते. रोज.